राखण संपल्यावर

यंदाच्या अंकाचा विषय ‘उतारवय’ असल्याचं संपादकांनी कळवलं. पेन्शन, गुडघे आणि वृद्धाश्रम हे विषय इतरांनी आधीच वाटून घेतले असणार असं धरून मी म्हातारी कुत्री मागून घेतली. संपादक फोनवर जरा थांबले, मग म्हणाले, “चालेल. पण पुण्या-मुंबईचं नको. तालुक्याच्या गावात काय होतं ते बघा.” म्हणून मोताळा.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यात कायम असतात, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाट उतरायचा. उतरता उतरता हवा तापते, माती काळी होत जाते. मोताळा घाटाखालचा. तहसील, नगरपंचायत, बसस्थानक, बाजार आणि चारी बाजूंनी कापूस, सोयाबीन, मका. इथे म्हाताऱ्या कुत्र्यांचा फलक लावलेला आश्रम शोधायला मी गेलो नव्हतो. असा आश्रम इथल्या मातीत उभा करायचा म्हटला तर काय काय लागेल आणि त्याआधी इथलं म्हातारं कुत्रं आज नेमकं कुठे असतं, एवढंच पाहायचं होतं.

जागलीचा सोबती

इथल्या कुत्र्याचं पहिलं काम वावरात. मका भरायला लागला की रानडुकरं येतात, हरभरा हिरवा असला की रोही येतात आणि घरातल्या एकाला जागलीला जावं लागतं. हातात बॅटरी, बडवायला पत्र्याचा डबा, कुठे कुठे आता झटका मशीनची तार. तरीही डुक्कर धुऱ्यावर आलं हे माणसाच्या आधी कुत्र्याला कळतं. या कामाची मजुरी म्हणजे दोन वेळची भाकर आणि उरलंसुरलं वरण. हिशेब कुठे लिहिलेला नसतो, पण तो मोडला तर गाव नावं ठेवतं.

शेलापूरच्या बाजूला, नळगंगा धरणाच्या कालव्यालगत एका वावरात बाजेखाली तांबडा कुत्रा पडलेला होता. तोंडाभोवती पांढरा झालेला, एक कान फाटका, पुढच्या कोपरांवर टाचेसारखे घट्टे. मालक सत्तरीचे. वय विचारलं तर म्हणाले, “नातू जलमला त्या साली आनला. नातू आठवीत हाय.” म्हणजे तेराच्या आसपास. वावरातल्या कुत्र्यासाठी हे वय फार झालं.

“आता त्याले दिसत नाई,” बाबा म्हणाले.

कुत्र्याच्या बुबुळात निळसर धूर साठल्यासारखा दिसत होता. पण मी बिस्किटाचा तुकडा हातभर उजवीकडे टाकला, तर तो मान वळवून बरोबर तिकडे गेला. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग घट्ट होतं आणि त्यावर निळसर झाक येते. तो मोतीबिंदू नसतो. जवळचं थोडं पुसट होतं एवढंच, कुत्रा बऱ्यापैकी पाहतो. मोतीबिंदूत बुबुळ दुधासारखं पांढरं होतं आणि मग खरंच दिसेनासं होतं. हा फरक सांगितल्यावर बाबांनी कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांनी वर करून उन्हाकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग त्याला शिवी दिली. इतके दिवस आंधळ्याचं सोंग करून भाकर हातात घेतोस काय!

तो अजूनही वास घेतो, भुंकतो, फक्त धावून जात नाही. धावायला आता दुसरा आहे, वर्षाचा काळा. म्हातारा भुंकून दिशा देतो आणि काळा धावतो. मला वाटतं, गावगाड्यात म्हाताऱ्या कुत्र्याची सोय अशीच होत आली. त्याला काढून टाकलं जात नव्हतं, त्याच्या जोडीला तरुण येत होता.

ही सोय सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ज्ञानगंगा अभयारण्य इथून लांब नाही. टिपेश्वरहून चालत आलेल्या वाघामुळे २०१९ मध्ये त्याचं नाव देशभर झालं, पण इथल्या लोकांचा रोजचा संबंध बिबट्याशी. रात्री दावणीला बांधलेलं म्हातारं कुत्रं बिबट्याला सगळ्यात सोपं. शिवाय शेती बटाईने दिली, घर गावातून मलकापूर-बुलढाण्याला हललं, की कुत्रं वावरातच राहतं. नवा बटाईदार आपलं कुत्रं आणतो. जुनं मग धुरा सोडून रस्त्याकडे, रस्त्यावरून ढाब्याकडे आणि ढाब्यावरून गावाकडे सरकतं. मोताळ्यात दिसणारी बरीच म्हातारी कुत्री अशी सरकत आलेली आहेत.

बसस्थानकातली वस्ती

बसस्थानकावरची कुत्री वेगळी. त्यांना मालक नाही, पण गिऱ्हाईक आहे. पोह्याच्या गाडीवाल्याचं एक, रसवंतीचं एक, कँटीनच्या मागे दोन-तीन. चहावाल्याने एका करड्या कुत्रीकडे बोट दाखवून सांगितलं की ती त्याच्या वडिलांच्या वेळेपासून आहे. एवढं काही कुत्रं जगत नाही. पण तिची आई, तिची आजी इथेच होती हे खरं असेल.

या करड्या कुत्रीवर दिल्लीतले निकाल येऊन पोचले आहेत, हे तिला कळायचं कारण नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असं फर्मावलं. ओरड झाली. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं होतं तिथे सोडा, फक्त पिसाळलेलं किंवा आक्रमक कुत्रं सोडू नका. प्रकरणाची व्याप्तीही देशभर वाढवली. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात न्यावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश आला.

आदेशाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. लहान मुलांना चावे होतात आणि रेबीज झाला की माणूस वाचत नाही. तिथे भूतदयेची भाषणं देऊ नयेत. पण ‘निवाऱ्यात न्या’ हे वाक्य तालुक्याच्या गावात आलं की विचारावं लागतं, कोणत्या? २०१९ च्या पशुगणनेत देशभरात दीड कोटीच्या वर भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख. एवढ्यांना भिंतीआड ठेवायला जागा नाही, माणसं नाहीत. म्हणजे उचललेली कुत्री दुसरीकडे कुठेतरी सोडली जाणार. तरुण कुत्रं नसबंदी करून दुसऱ्या गल्लीत कसंबसं जम बसवील. दहा वर्षं एका कँटीनमागे काढलेली, दात गेलेली कुत्री नव्या गल्लीत दोन दिवसही टिकणार नाही. तिथली कुत्री तिला फाडतील. आश्रमाची खरी गरज आहे ती हिच्यासाठी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भटकं कुत्रं म्हातारं होणं ही बरीचशी अलीकडची गोष्ट आहे. पूर्वी नगरपालिका कुत्री मारत. मुंबईत ते १९९४ साली थांबलं आणि नसबंदी सुरू झाली. त्यामागे ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या १९८५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा पाठपुरावा होता. देशासाठी नियम झाले २००१ मध्ये आणि सुधारून आले २०२३ मध्ये. नसबंदी झालेल्या मादीला वर्षातून दोनदा वीण नाही, गर्भाशयात पू होण्याचं भय नाही, नराला माजाच्या दिवसांतली मारामारी नाही. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच असलेली कुत्री जास्त जगतात. नसबंदीची योजना लिहिणाऱ्यांनी पिल्लांचा विचार केला, म्हाताऱ्यांचा केला नाही.

गाईला गोरक्षण आहे

वऱ्हाडात गोरक्षण कोणाला सांगावं लागत नाही. अकोल्यात तर सबंध रस्त्याला ते नाव आहे. भाकड गाय, मोडक्या पायाचा बैल तिथे देता येतो आणि देणाऱ्याला पुण्यही लागतं. शेलापूरच्या बाबांनी हाच प्रश्न मला केला होता. “गाय म्हातारी झाली तं गोरक्षनात देता येते. याले कोन घेईन?”

गंमत अशी, की मुंबईच्या पहिल्या मोठ्या पांजरपोळाच्या मुळाशी कुत्रीच आहेत. कंपनी सरकारच्या मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पैशाच्या लोभाने लोक घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ रोजी फोर्टात पारशी मंडळींनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू-जैन व्यापारीही त्यात उतरले आणि कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. लष्कर आलं, धरपकड झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला, तो मुख्यतः रस्त्यावरची कुत्री आणि डुकरं मारली जाऊ नयेत म्हणून. पुढे तो गाईंचा झाला. आज तिथे लोक गाईला चारा घालायला जातात.

गाय आली ती पैसा घेऊन आली, असं मला वाटतं. तिच्या नावाने दान मिळतं, शेण-गोमूत्र विकता येतं, तिला चाऱ्यावर ठेवता येतं. कुत्र्याच्या नावाने धर्मादाय पेटी भरत नाही. खंडोबाला कुत्रा चालतो, दत्ताच्या पायाशी चार चालतात, नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावल्याची गोष्ट कीर्तनात हमखास रंगते. पेटीत मात्र गाईसाठीच पडतं. शिवाय कुत्र्याला शिजवून घालावं लागतं, तो चावतो आणि रात्री भुंकतो. पांजरपोळाने कुत्री का सोडली याचं उत्तर धर्मशास्त्रात सापडेल असं वाटत नाही, चुलीपाशी सापडेल.

न खपणारी

दत्तक देण्याच्या बाजारात पिल्लू खपतं. त्यातही पांढरं-तपकिरी, नर, दोन महिन्यांचं. मोठं झालेलं काळं कुत्रं नको असतं, तीन पायांचं नको, एकदा कोणाला चावलेलं तर नकोच. या सगळ्यांच्या तळाशी म्हातारं. देशी कुत्री दत्तक म्हणून परदेशी पाठवण्याची वाट काही संस्थांनी काढली होती. कॅनडाने सप्टेंबर २०२२ पासून भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून दत्तकासाठी कुत्री आणण्यावर बंदी घातल्यावर तीही अरुंद झाली. म्हातारं कुत्रं त्या विमानात तसंही कधी बसलं नव्हतं.

घाटाखाली आणखी एक जात दिसू लागली आहे. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन. हौसेने आणलेली, एका खोलीत वाढवलेली आणि मालकाची बदली, लग्न किंवा बाळंतपण निघालं की गाडीत घालून घाटात, नाहीतर ढाब्यापाशी उतरवलेली. गावठी कुत्र्याला ढाब्याचं व्याकरण कळतं. याला कळत नाही. तो प्रत्येक थांबणाऱ्या गाडीकडे धावतो, कारण आपली गाडी परत येईल असं त्याला वाटतं, आणि तशाच एखाद्या गाडीखाली जातो. शेफर्डची दाट लव घाटाखालच्या मेच्या उन्हासाठी नाही. लॅब्रॅडॉरचे मागचे खुबे आठ-नऊ वर्षांत कुरकुरायला लागतात.

टाकून देणं हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात तो स्पष्ट लिहिला आहे. पहिल्या खेपेला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. हा आकडा कित्येक दशकं बदललेला नाही. मोताळ्याहून बुलढाण्याला जाऊन यायचं एसटीचं तिकीटही आज एवढ्यात निभणं कठीण.

आश्रमाचा दिवस

महाराष्ट्रात हे काम चालतं कसं, ते पाहायला वाटा आहेत. पुण्यात ‘रेस्क्यू’ ही संस्था २००७ पासून जखमी प्राण्यांचं काम करते. वर्ध्याजवळ पिपरी मेघेला ‘पीपल फॉर अॅनिमल्स’चा करुणाश्रम आहे. मोठ्या संस्थांचं वर्णन इथे करत बसत नाही. पंचवीस म्हाताऱ्या कुत्र्यांचा आश्रम मोताळ्यासारख्या जागी चालवायचा तर दिवस कसा जाईल, ते त्या कामाच्या रीतीवरून मांडतो. पंचवीस हा आकडा माझा आहे आणि तो मुद्दाम लहान ठेवला आहे.

सकाळ सुरू होते मोजणीने. कोण उठलं नाही, कोणाच्या अंगाखाली ओलं आहे, रात्रीत कोणी उलटी केली. म्हाताऱ्या कुत्र्याचा पहिला आजार म्हणजे नेहमीच्या जागी नसणं. पाणी जास्त पिणं आणि जास्त लघवी करणं दिसलं तर मूत्रपिंडाकडे पाहायचं. नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर गोचीड ताप. इथल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला गोचीड कुत्र्याच्या अंगावर कमी आणि भिंतीच्या फटीत जास्त असते. म्हणून चुना, फटी बुजवणं आणि गुळगुळीत भिंत, यावर औषधापेक्षा आधी खर्च करावा. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या स्वस्त असतात, पण साधारण चार आठवडे चुकवता येत नाहीत. चौथ्या दिवशी कुत्रं जेवायला लागलं की माणूस गोळ्या थांबवतो आणि महिन्याने तेच कुत्रं पुन्हा आडवं.

मग जखमा. जनावरांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा एक परिचर एका कुत्र्याच्या मानेतले किडे काढत होता. दवाखान्याचं मुख्य काम ढोरांचं. रेतन, लसी, लम्पीच्या साथीत तर माणसांना जेवायला वेळ नव्हता. कुत्रं मधल्या वेळात. त्याने आधी जखमेभोवतीचे केस कात्रीने अगदी मुळापासून उतरवले. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस तोंडाशी धरला आणि थांबला. घाई केली की अळ्या आत पळतात, म्हणाला. दोन मिनिटांनी त्या श्वासासाठी वर यायला लागल्या, तेव्हा चिमट्याने एकेक उचलून पाण्याच्या वाटीत. शेवटी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने जखम धुतली, मलम भरलं आणि बजावलं, उद्या परत आणा, राहिलेल्या असतात. कुत्र्याच्या मानेला डांबर गोळीचा वास येत होता. मालकाने आधी घरी डांबर गोळी कुटून भरली होती. काही जण फिनाईल ओततात. किडे मरतात, मांसही जळतं आणि कुत्रं जखम चाटून विष पोटात घेतं.

दुपारपर्यंत सैपाक झालेला असावा लागतो. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण पाऊण किलो शिजवलेलं अन्न धरलं तर पंचवीस जणांना एकोणीस किलो लागतं, रोज, दिवाळीच्या पाडव्यालाही. घाटाखाली मका आणि ज्वारी सहज मिळते. चिकनच्या दुकानांतून पंजे, मुंड्या, काळीज ठरवून आणायचं. कांदा-लसूण नाही, मीठ नावाला, तिखट मुळीच नाही. इथल्या घरचं उरलेलं वरण त्यामुळे बहुधा बाद होतं. शिजलेली हाडं काढून टाकायची, ती ठिसूळ होऊन आतड्यात टोचतात. दात नसलेल्यांचं सरबरीत करायचं. मूत्रपिंड गेलेल्यांचं मांस मोजून. प्रत्येकाची थाळी वेगळी आणि अंतरावर, कारण एका पातेल्यावर पाच म्हातारी सोडली तर दोनच जेवतात. गोळ्या काळजाच्या तुकड्यात दडवायच्या. माणसाच्या दुखण्यावरची गोळी, आयब्युप्रोफेन असो की डायक्लोफिनॅक, कुत्र्याला द्यायची नाही. सांधेदुखी कमी व्हावी म्हणून घरातली गोळी प्रेमाने खाऊ घातलेली आणि पोटात रक्तस्राव झालेली कुत्री डॉक्टरांकडे येतात.

जागेबद्दल लोक आधी भिंतीचा विचार करतात. आधी जमिनीचा करावा. फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि एकदा घसरलं की ते उठायला घाबरतं. खडबडीत कोबा आणि त्याला उतार, म्हणजे पाणी साचत नाही. त्यावर नायलॉनच्या पट्टीने विणलेल्या बुटक्या बाजा, वर धुतलेलं बारदान. कोपराला घट्टे पडत नाहीत, खालून हवा खेळते. टिनाचं शेड घाटाखालच्या एप्रिलमध्ये तव्यासारखं तापतं. वर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्यांचा जाड थर द्यायचा आणि तो दर वर्षी बदलायचा, कारण त्यातही गोचीड बसते. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला दर काही तासांनी कूस बदलून द्यावी लागते आणि मूत्राशय हाताने दाबून रिकामं करावं लागतं. हे काम शिकवल्याशिवाय येत नाही. ते करणारा माणूस दोन दिवस गावाला गेला, तर तेवढ्यात शय्याव्रण होतो.

नव्या कुत्र्याला थेट आत घ्यायचं नाही. दोन आठवडे वेगळं. गॅस्ट्रो आणि डिस्टेंपर म्हाताऱ्यांच्या खोलीत शिरला तर काही उरत नाही. नंतर जाळीच्या दोन बाजूंना ठेवून ओळख, मग चार-पाच जणांच्या गटात. बहिऱ्याला मागून हात लावायचा नाही, आधी जमिनीवर पाय आपटायचा, त्याला कंप कळतो. म्हातारं कुत्रं रागाने चावत नाही, दचकून चावतं. इथे काम करणाऱ्याने रेबीजच्या आगाऊ लसी घेतलेल्या हव्यात. तरी चावा झाला तर साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायचं आणि दवाखाना गाठायचाच.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते उद्या सकाळी येणारं माणूस. पगारी दोन माणसं, एक रात्रीला, एक दिवसाला. ‘प्राणीप्रेमी मंडळी येतील’ यावर आश्रम चालत नाही. मंडळी रविवारी येतात आणि फोटो काढून जातात.

दुसरं अवघड, नाही म्हणणं. आश्रमाचा पत्ता कळला की गेटला कुत्री बांधलेली सापडतात, पोत्यात पिल्लं सापडतात. चालक नाही म्हणू शकत नाही. पंचविसाचे साठ होतात, साठांचे दीडशे, आणि मग मोजणीच बंद पडते. अशी गर्दी झालेल्या ठिकाणी कुत्री एकमेकांना मारतात, साथ आली की रांगेने जातात. दया तीच असते आणि कुत्रं हाल खाणार नाही अशी अवस्था त्याच दयेतून होते. म्हणून मला आश्रमाच्या घटनेतलं पहिलं कलम भूतदयेचं नको, संख्येचं हवं.

शेवटचं इंजेक्शन

हा भाग लिहू नये असं काहींनी सुचवलं. लिहितो.

म्हाताऱ्यांच्या आश्रमात मरण ठरलेलं असतं. प्रश्न फक्त किती त्रासाने. मूत्रपिंड पूर्ण गेलेलं कुत्रं जेवत नाही, तोंडात व्रण येतात, उलट्या थांबत नाहीत. तोंडाचा कर्करोग वाढलेल्याला पाणीही गिळता येत नाही. २०२३ च्या नियमांत असाध्य आजारी आणि वाचू न शकणाऱ्या जखमी कुत्र्याला पशुवैद्याने शिरेतून औषध देऊन शांतपणे मरू देण्याची सोय आहे. त्यासाठी ठरलेल्या लोकांचा निर्णय लागतो, कोणीही उठून करायचं ते काम नाही.

आपल्याकडे अनेक आश्रम हे करत नाहीत. ‘जीव घेण्याचा अधिकार आम्हाला नाही’, असं सांगतात. त्यांच्या भावनेची मी थट्टा करणार नाही. पण सलाइन लावून आठवडाभर कण्हत ठेवलेलं कुत्रं पाहिलं की त्या अहिंसेत कुत्र्यापेक्षा आपलाच जीव जास्त सांभाळलेला दिसतो. उलट बाजूचा धोकाही खरा आहे. जागा हवी म्हणून इंजेक्शन, हे एकदा सुरू झालं की थांबत नाही. इंग्लंडमधली १८९१ साली सुरू झालेली ‘डॉग्ज ट्रस्ट’ ही संस्था निरोगी कुत्र्याला कधीच मारत नाही, असं जाहीर सांगते. ‘निरोगी’ या शब्दात त्यांनी रेघ ओढली आहे. आपल्या आश्रमांनी आपली रेघ कागदावर लिहावी.

आश्रमाला पुरण्यापुरती स्वतःची जमीनही लागते. खोल खड्डा, मीठ, चुना आणि वरून दगड, नाहीतर कोल्हे उकरतात. भाड्याच्या जागेत आश्रम काढणाऱ्यांना ही गोष्ट पहिल्या पावसाळ्यात कळते.

भाकर तुमची, औषध आमचं

अमेरिकेत टेनेसी राज्यात ‘ओल्ड फ्रेंड्स’ नावाचा म्हाताऱ्या कुत्र्यांचा आश्रम २०१२ पासून चालतो. त्यांची एक रीत मला मोताळ्यासाठी फार उपयोगाची वाटते. त्यांची पुष्कळशी कुत्री आश्रमात राहतच नाहीत. आसपासच्या घरांत राहतात, कायमची. कुत्रं संस्थेच्या नावावर, औषधपाण्याचा खर्च संस्थेचा, अंगण आणि जेवण घराचं. म्हाताऱ्या कुत्र्याला नाही म्हणणारी घरं बहुतेकदा कुत्र्याला नाही म्हणत नसतात, दवाखान्याच्या बिलाला म्हणत असतात. हे बिल दुसऱ्याने उचललं की अंगण मोकळं होतं.

घाटाखाली तर अंगण आधीपासून आहे. शेलापूरच्या बाबांना तांबडा कुत्रा कुठे द्यायचाच नाही. त्यांना हवी आहेत ती वर्षाला एक रेबीजची लस, थंडीत सांध्यांसाठी योग्य ती गोळी आणि गोचिडीचं औषध. आश्रमाने पंचवीस जागा भिंतीआड ठेवाव्यात, त्या बसस्थानकावरच्या करडीसाठी, घाटात उतरवलेल्या लॅब्रॅडॉरसाठी, मागचे पाय गेलेल्यांसाठी. बाकीची शंभर-सव्वाशे ज्या बाजेखाली आहेत तिथेच असू द्यावीत. एक वही, एक दवाखान्याचा दिवस आणि गावोगावी एकेक ओळखीचं माणूस. गोव्यात रेबीजवर मोठं काम झालं ते याच धाटणीने. लस घेऊन माणसं दारोदारी गेली, कुत्री कुठे बोलावली नाहीत. २०२१ मध्ये गोव्याने रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषणा केली.

ही योजना मी दवाखान्यातल्या त्या परिचराला आणि चहावाल्याला सांगितली. चहावाल्याला पटली. परिचर मात्र कामाचा माणूस, त्याने लगेच बोट ठेवलं.

“वही ठेवू भाऊ. लस बी टोचू. पन एक्स-रे काढायचा तं अकोल्याले न्या लागते.”

ते खरं होतं. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, तिथे सोय आहे. पण ती शंभरएक किलोमीटरवर. मोडलेल्या पायाचं कुत्रं एसटीत कोणी घेणार नाही, भाड्याची गाडी करावी तर दोन फेऱ्यांत महिन्याचं धान्य जाईल. चहावाल्याला एक दुधाची गाडी आठवली. पहाटे ती खामगावपर्यंत जाते, ड्रायव्हर ओळखीचा. तोंडाला दोरी बांधून, पोत्यावर निजवून दिलं तर घेईल म्हणाला. पुढे खामगावहून अकोल्याचं काहीतरी बघता येईल.

“जाचं जमते,” परिचर म्हणाला. “याचं काय? येतानी तो ढेपीचे पोते भरून येते. गाडीत जागाच नसते.”

मग दोघांत त्या ड्रायव्हरचा नंबर कोणाकडे आहे आणि ढेप आठवड्यातून किती दिवस येते, यावर बोलणं सुरू झालं.